पहिला हिट कुणाच्या नावावर?

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी डोंबिवलीला मित्राकडे जेवायला गेलो होतो. मित्र चित्रपट दिग्दर्शक. त्याचा पहिला मराठी चित्रपट काही वर्षांपूर्वी आला आणि चांगला चालला. तिसऱ्या आठवड्यात शो वाढवावे लागले होते, दादरला बाहेर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागली होती, आणि त्या पाटीसोबतचा त्याचा फोटो अजून हॉलमध्ये आहे. ताटात वरणभात पडतोय तोच फोन वाजायला लागला. आधी मावशी, मग शाळेतला वर्गमित्र, मग खालच्या मजल्यावरचे काका. सगळ्यांचं एकच, "अरे, तुझा पिक्चर लागलाय!"

वहिनींनी टीव्ही लावला. लागला होता खरा. दहा मिनिटांनी ब्रेक आला. मला मोजायची सवय आहे, एकोणीस जाहिराती निघाल्या. मसाले, सिमेंट, साबण, परत मसाले. मित्राचे सासरे ताक पीत बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "ह्याचे तुम्हाला किती मिळतात?"

"काही नाही."

"तसं नाही, पण साधारण किती?"

त्यांचा विश्वासच बसेना. बसावा तरी कसा? माणूस ज्याचा पिक्चर म्हणून ओळखला जातो, त्या पिक्चरचं त्याच्या घरात एक पोस्टर आणि एक फोटो, एवढंच आहे. मित्र सध्या गोरेगावच्या फिल्मसिटीत एका मालिकेचे एपिसोड घेतो. दुसरा चित्रपट अजून झालेला नाही.

आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय. एक हिट दे, मग बघ, निर्माते दारात उभे राहतात. अंधेरीच्या आरामनगरात चहाच्या टपरीवर उभा असलेला प्रत्येक असिस्टंट याच आशेवर दहा-दहा वर्षं काढतो. आणि उदाहरणं असतातच. 'सीता और गीता' १९७२ साली चालला म्हणून रमेश सिप्पींना 'शोले' करता आला. 'फँड्री'मुळे 'सैराट' झाला. 'नटरंग'नंतर रवी जाधवांनी 'बालगंधर्व', 'बालक पालक', 'टाइमपास' अशी रांग लावली. हे सगळं खरं आहे. पण यातून आपण जो निष्कर्ष काढतो तो अर्धाच खरा आहे. पहिल्या यशाने रस्ता तयार होतो, पण त्या रस्त्यावरून पुढे कोण जाणार हे यशाच्या आकारावर ठरत नाही. ते यश कागदावर कुणाच्या नावावर होतं, त्यावर ठरतं.

'शोले'चंच घ्या. 'सीता और गीता'चे निर्माते होते जी. पी. सिप्पी, म्हणजे दिग्दर्शकाचे वडील. आधीच्या यशाचा पैसा घरातच होता आणि पुढच्या चित्रपटावर तो किती ओतायचा हा निर्णयही घरातच व्हायचा. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला पाच वर्षं मुक्काम ठोकलेल्या चित्रपटाचं श्रेय सलीम-जावेदना, कलाकारांना, दिग्दर्शकाला जरूर द्यावं. पण आधीच्या चित्रपटाची कमाई परक्या तिजोरीत गेली असती तर कर्नाटकातल्या खडकांत अख्खं गाव उभारून इतका काळ शूटिंग करायला कुणी दिलं असतं, हा प्रश्न उरतोच.

राज कपूर यांची गोष्ट तर चेंबूरच्या माणसाला तोंडपाठ असते. 'आग' १९४८चा, तो फारसा चालला नाही. १९४९चा 'बरसात' धो धो चालला आणि त्या पैशातून चेंबूरला आर. के. स्टुडिओ उभा राहिला. 'आवारा' १९५१चा. पण मला त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात शिकण्यासारखा काळ वाटतो तो १९७० ते १९७३चा. 'मेरा नाम जोकर' कोसळला आणि कर्जाचा डोंगर झाला. तरीही तीन वर्षांत 'बॉबी' आला आणि सगळं वसूल झालं. हे शक्य झालं कारण गहाण टाकण्यासारखं काहीतरी हातात होतं. एका जुन्या हिटने एकवीस वर्षांनंतरच्या अपयशाला सांभाळून घेतलं. तो स्टुडिओ आता राहिला नाही. आग लागली, मग विकला गेला, तिथे इमारती आल्या. गेला तेव्हा लोक हळहळले ते आठवणींसाठी. मला मात्र वाटलं, एका चित्रपटाच्या गल्ल्यातून सत्तर वर्षं टिकणारी वास्तू बांधणारा शेवटचा दिग्दर्शक कोण असेल?

मराठीत याच्याही पुढचं उदाहरण आहे, आणि ते आपल्या गिरणगावातलं. 'सोंगाड्या' १९७१ साली आला. दादरच्या कोहिनूर थिएटरला तो लागावा म्हणून काय काय झालं ते मुंबईतल्या मागच्या पिढीला सांगायची गरज नाही. आता जरा थांबून आठवा, 'सोंगाड्या'चा दिग्दर्शक कोण? दहातले नऊ जण म्हणतील, दादा कोंडके. नव्हे. गोविंद कुलकर्णी. दादा निर्माते होते आणि नायक होते. लेखन वसंत सबनिसांचं. त्या एका चित्रपटाने जो हमरस्ता उघडला त्यावर दादा चालले. 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', मग १९७५ला 'पांडू हवालदार', ज्यात ते दिग्दर्शनाच्या खुर्चीतही बसले. ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी आणि गिनीजमध्ये नाव. दादांची हुशारी, लोकांची नाडी ओळखणं, 'विच्छा माझी पुरी करा'च्या प्रयोगांतून कमावलेलं टायमिंग, हे सगळं मान्यच. पण नायगावच्या चाळीतल्या गिरणी कामगाराच्या मुलाने आणखी एक गोष्ट ओळखली होती, जी भल्या भल्यांना कळली नाही. पिक्चर आपला पाहिजे. चालला तर आपला, पडला तरी आपला. त्या पहिल्या हिटचा दिग्दर्शक मात्र आज प्रश्नमंजूषेतलं अवघड उत्तर होऊन बसलाय.

हे नवीन नाही. दादरच्या ज्या रस्त्याला फाळक्यांचं नाव आहे, तिथूनच या धंद्याची आणि या दुखण्याचीही सुरुवात झाली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून, सरस्वतीबाईंचे दागिने मोडून दादासाहेबांनी 'राजा हरिश्चंद्र' केला आणि ३ मे १९१३ला गिरगावात कोरोनेशनमध्ये तो लागला. सगळी जोखीम त्यांची, सगळं यशही त्यांचं. १९१७च्या 'लंकादहन'ने तर असा पैसा केला की तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असं लोक सांगतात. त्या यशाला भुलून भांडवलदार आले आणि १९१८ साली भागीदारीतली हिंदुस्थान कंपनी झाली. पुढे काय झालं? पटेना. भारतीय चित्रपटाचा जनक वैतागून काशीला निघून गेला. नंतर परत आले, काम केलं, पण पगारी माणसासारखं. १९४४ला नाशकात गेले तेव्हा हातात फारसं काही नव्हतं. पहिला हिट स्वतःचा असतानाचे फाळके आणि कंपनीचे फाळके, हे दोन वेगळे फाळके आहेत.

आता आजच्याकडे येऊ. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'ने गल्ल्यापेक्षा पत जास्त कमावली. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चर्चा झाली. २९ एप्रिल २०१६ला 'सैराट' आला आणि सुमारे चार कोटींत झालेला हा चित्रपट शंभर कोटींच्या घरात गेला. त्या आकड्याने सगळे एवढे दिपले की श्रेयनामावली नीट वाचायची राहिली. तिथे निर्मात्यांत झी स्टुडिओजच्या बरोबरीने मंजुळेंच्या स्वतःच्या 'आटपाट'चं नाव आहे. ती एक ओळ मला शंभर कोटींपेक्षा मोठी वाटते. कारण तिचा परिणाम दोन वर्षांत दिसला. 'सैराट'चा कॅमेरा ज्यांनी सांभाळला ते सुधाकर रेड्डी यक्कंटी २०१८ला 'नाळ'चे दिग्दर्शक झाले आणि निर्मात्यांत मंजुळे होते. एका हिटने आपल्याच तंबूतल्या माणसाला पहिली संधी दिली. मागाहून 'झुंड' आला, त्यात अमिताभ बच्चन आले. रस्ता तयार होणं म्हणतात ते हे. त्यावरून एकटा माणूस न जाता सोबतचे चार जणही जातात.

याच्या दुसऱ्या टोकाला 'श्वास' आहे. संदीप सावंत यांचा पहिला चित्रपट. २००४ साल आठवतं ज्यांना, त्यांना ते वारं आठवत असेल. मराठीला अर्धशतकानंतर सुवर्णकमळ, भारताकडून ऑस्करसाठी निवड, आणि तिकडच्या प्रचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्रभर वर्गणी. आमच्या ऑफिसात डबा फिरला होता, मीही पन्नास रुपये टाकले होते. शाळांतल्या पोरांनी खाऊचे पैसे दिले. एवढ्या लोकांनी आपला मानलेल्या दिग्दर्शकाचा दुसरा चित्रपट, 'नदी वाहते', कधी आला? २०१७ला. मध्ये तेरा वर्षं गेली. 'श्वास'मुळे मराठी चित्रपटाला नवं बळ मिळालं असं आपण व्यासपीठावरून इतक्यांदा म्हणतो की ते वाक्य आता गुळगुळीत झालंय. आणि ते खरंही आहे. कॉर्पोरेट पैसा मराठीकडे वळला, नवे निर्माते आले, पुढच्या पिढीचा मार्ग मोकळा झाला. मार्ग ज्याने खणला, तो मात्र तेरा वर्षं पुढच्या चित्रपटाविना राहिला. आपण वर्गणी काढली ती लॉस एंजेलिससाठी. दुसऱ्या चित्रपटासाठी डबा फिरवायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

तिसराही एक प्रकार आहे, आणि मुंबईत तो सर्रास दिसतो. इथे मराठी आणि हिंदीचं अंतर अर्ध्या तासाच्या लोकलचं आहे. पहिला हिट मराठीत, फळं हिंदीत. निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' २००५चा. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माधव आपटेने अख्ख्या मध्यमवर्गाला आरसा दाखवला. कामतांनी तोच चित्रपट तमिळमध्ये केला, मग 'मुंबई मेरी जान', 'फोर्स', 'दृश्यम'. मराठीत दिग्दर्शक म्हणून 'लय भारी' घेऊन परत यायला २०१४ उजाडलं. ओम राऊत 'लोकमान्य'वरून 'तान्हाजी'वर गेले आणि 'तान्हाजी'वरून 'आदिपुरुष'वर. शेवटच्या पायरीवर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मी यांना दोष देत नाही. ज्या घरात आपला हक्क नाही तिथे थांबायचं कशासाठी? मराठी दिग्दर्शक हिंदीत गेला की आपण एकदा अभिमान व्यक्त करतो आणि एकदा खंत. त्याला मराठीत टिकण्यासारखं काय दिलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

लक्ष्मण उतेकरांचं उदाहरण इथे थोडं वेगळं आणि माझ्या म्हणण्याला जरा अडचणीचं आहे. 'टपाल' आणि 'लालबागची राणी' हे त्यांचे मराठी चित्रपट. तिकीटबारीवर त्यांचा गाजावाजा झाला नाही. मग 'लुका छुपी', 'मिमी', 'जरा हटके जरा बचके', आणि फेब्रुवारी २०२५ला 'छावा', ज्याने सगळे हिशेब बदलून टाकले. हे चारही हिंदी चित्रपट एकाच निर्मात्याकडचे, मॅडॉकचे. म्हणजे मालकी नसतानाही रस्ता मिळू शकतो, जर निर्माता चार चित्रपट थांबायला तयार असेल तर. आशुतोष गोवारीकरांना 'पहला नशा' आणि 'बाझी'नंतर 'लगान' करता आला, तोही आमिर खान निर्माता म्हणून मागे उभा राहिला तेव्हा. पण असा निर्माता मिळणं हा नशिबाचा भाग झाला. लॉटरी लागलेल्या माणसाकडे बोट दाखवून लॉटरीला पेन्शन योजना म्हणता येत नाही.

मुळात कायदाच दिग्दर्शकाच्या बाजूने नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर शेवटी, एकटं, मोठ्या अक्षरांत येतं. कायद्यात ते येतच नाही. २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि गीतकार, संगीतकार, पटकथालेखक यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, वाटा मिळाला, तोही असा की तो सोडून देतो म्हणून लिहून देता येत नाही. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. त्याच दुरुस्तीच्या मूळ मसुद्यात, २०१०च्या विधेयकात, मुख्य दिग्दर्शकाला निर्मात्याबरोबर सहकर्ता मानण्याची तरतूद होती. ती वाटेत गळाली. म्हणजे आज मित्राचा चित्रपट टीव्हीवर लागला तर त्यातल्या गाण्याच्या शब्दांना कायद्याने वाटा आहे, दृश्याला नाही.

मित्राचा करारनामा मी वाचलाय. वाचण्यासारखा असतो. कायदा म्हणतो, हक्क किती काळासाठी दिले ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरायची. म्हणून करारात 'कायमस्वरूपी'. कायदा म्हणतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत; म्हणून 'संपूर्ण विश्वात'. चंद्रावर कुणी 'सीक्वेल' काढला तरी याला विचारायला नको. रिमेक, डबिंग, सॅटेलाइट, डिजिटल, 'सध्या ज्ञात असलेली व पुढे शोधली जाणारी सर्व माध्यमे'. आणि मोबदला? एकरकमी मानधन, चार हप्त्यांत, शेवटचा हप्ता पहिली कॉपी हातात आल्यावर. तो शेवटचा हप्ता त्याला अजून मिळायचाय. त्याने सही केली तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, घरभाडं थकलं होतं, आणि सही करताना डोक्यात एकच होतं की पिक्चर होतोय.

यावर निर्मात्यांचं म्हणणं असतं, आणि ते खोटं नाही. मराठी निर्माता म्हणजे दरवेळी कुणी धनदांडगा नसतो. गावाकडची जमीन विकलेला, व्याजाने पैसे उचललेला, आयुष्यभराची पुंजी एका चित्रपटात घालून बसलेला माणूस मी पाहिलाय. बहुतेक चित्रपट घातलेला पैसाही परत आणत नाहीत. पडला तर दिग्दर्शक नुकसान भरून देणार आहे का, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. बरोबर आहे. म्हणून पहिल्या रुपयापासून वाटा कुणी मागू नये. निर्मात्याचा खर्च व्याजासकट वसूल होऊ दे, मग जे वर येईल त्यातला थोडा हिस्सा, आणि रिमेक किंवा सीक्वेल निघाला तर आधी विचारणा. एवढं मागणं काही क्रांती नाही. उद्या तोच दिग्दर्शक त्या हिश्श्यातून स्वतःचे दोन पैसे घालून दुसऱ्या चित्रपटात भागीदार होईल, तेव्हा निर्मात्याचीही जोखीम कमीच होईल.

यात सरकार कुठे येतं असं कुणी म्हणेल. सरकार आधीच आलेलं आहे. मराठी चित्रपटाला महाराष्ट्र सरकार अनुदान देतं, 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख. ते लोकांचे पैसे आहेत आणि ते निर्मात्याला मिळतात, चित्रपट पूर्ण झाल्यावर. त्याआधी करमणूक कराच्या काळात करपरताव्याची योजना होती, आणि तिच्यात एक शहाणपण होतं: भरलेला कर परत मिळायचा, पण पुढचा चित्रपट काढलात तर. एका चित्रपटातून दुसरा निघावा, हे तेव्हाच्या सरकारी बाबूंनाही कळत होतं. फक्त त्यात 'पुढचा चित्रपट' म्हणजे निर्मात्याचा पुढचा चित्रपट होता. तेच शहाणपण आता दिग्दर्शकाला लावायला काय हरकत आहे? अनुदान घेणाऱ्या प्रत्येक चित्रपटाच्या करारात वसुलीनंतरचा दिग्दर्शकाचा हिस्सा लिहिलेला असावा, नसेल तर अर्ज परत. आणि अनुदानाचा एक भाग त्या दिग्दर्शकाच्या नावाने राखून ठेवावा. त्याने ठराविक वर्षांत दुसरा मराठी चित्रपट उभा केला तर त्या चित्रपटाला द्यावा, नाही केला तर पैसे तिजोरीत परत. २०१५ला मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम द्या म्हणून केवढा गदारोळ झाला होता. पडद्याची वेळ मिळवायला आपण भांडलो, पडद्यावर नाव असणाऱ्याचं पुढे काय होतं याची चौकशी त्या भांडणात कुठेच नव्हती.

मी पुन्हा डोंबिवलीला गेलो तेव्हा मित्राच्या टेबलावर नवा करार होता. दुसऱ्या चित्रपटाचा, निर्माता वेगळा. या वेळी त्याने तो चार दिवस घरी ठेवून घेतला होता आणि पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. 'संपूर्ण विश्वात' खाली नुसतं उद्गारचिन्ह. 'सीक्वेल'वर काट मारून शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'विचारून'. निर्मात्याच्या माणसाचा सकाळी फोन आला होता. "सर, सही करायला चार दिवस कशाला लागतात? आत्तापर्यंत कुणी वाचत बसलं नव्हतं."

"मग काय म्हणालास?"

"म्हटलं, अजून निम्माच वाचून झालाय."